लेहला गेल्यावर आधी दम खायचा

परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरवर आहे, संभाजीनगर साडेपाचशेच्या पुढं, लातूर सव्वासहाशेच्या आसपास. महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक कळसूबाई १६४६ मीटर, आणि तिथंही माणूस तासभर बसून खाली येतो. लेह शहर साडेतीन हजार मीटरवर आहे आणि तिथं मुक्काम करायचा असतो. दिल्लीहून विमानात बसलं की दीड तासाच्या आत तिथं. शरीराला एवढ्या वेळात काही कळत नाही. ते अजून परभणीतच असतं.

तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण ६५ टक्के, म्हणून एका श्वासात छातीत जाणारा ऑक्सिजनही तेवढाच. आपल्याकडं चव्वेचाळीसच्या उन्हात नांगरट करणारी माणसं आहेत, त्यांना वाटतं आपल्याला काय होतंय. उन्हाची सवय इथं उपयोगाची नाही. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्यालाही सूट नाही. उलट तरणी पोरंच जास्त आडवी होतात, कारण ती पहिल्याच दिवशी जिना पळत चढतात.

नांदेड, परभणी आणि लातूरकडच्या मंडळींचा एक गट ऑगस्टच्या शेवटी निघाला. सोयाबीन शेंगा धरत होतं, फवारण्या उरकल्या होत्या, पोळा तोंडावर होता. लडाखला जायला हा काळ चांगला: पावसाळी दगदग कमी होत आलेली, खिंडी उघड्या, दिवसा वीस-बावीस डिग्री आणि रात्री स्वेटर.

निघण्याआधी

सचखंड एक्सप्रेस सकाळी नांदेड सोडते, परभणी-जालना-संभाजीनगर करत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिल्ली. रात्र दिल्लीत काढायची आणि पहाटेचं विमान धरायचं. याहून घट्ट बांधणी करू नये. गाडीला उशीर झाला तर विमान थांबत नाही.

डॉक्टरांकडं एक चक्कर मात्र सगळ्यांनी मारावी. हृदयाचा झटका येऊन गेलेला, दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार, ताब्यात नसलेलं बीपी, गरोदरपण, सिकलसेल, हिमोग्लोबिन फार कमी, यांतलं काहीही असेल तर तिकीट काढण्याआधी विचारावं, काढल्यावर नाही. उंचीसाठी सहसा ॲसिटाझोलामाइड देतात, दुकानात डायमॉक्स या नावानं मिळतं. मोठ्या माणसाला नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाच्या औषधाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावं. या गोळीनं लघवी जास्त होते, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात आणि सोडा-कोल्ड्रिंक बेचव लागतं. मुंग्यांना घाबरून गोळी सोडणारे बरेच असतात, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं. आणि गोळी घेतली म्हणून पहिल्या दिवशी हुंदडायची परवानगी मिळत नाही. ती शरीराचं जुळवून घेणं थोडं लवकर घडवते, एवढंच.

कापराची पुडी हुंगायला घेऊन जायची पद्धत आहे. कापरानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभर वाढत नाही. पुडी न्यायला हरकत नाही, तिच्यावर विसंबू नये.

आणखी एक. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. गटात निदान दोघांकडं तरी पोस्टपेड असावं.

पहिला दिवस: उतरणं आणि पडून राहणं

लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात. दुपारी दरीत वारा उठतो, आणि ऊन तापलं की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते. ३२५६ मीटरवरच्या धावपट्टीवर विमानाला ते मानवत नाही. त्यामुळं सकाळी आठ-नऊला माणूस लेहमध्ये उतरलेला असतो आणि अख्खा दिवस हाताशी असतो.

हीच अडचण आहे. उतरल्या उतरल्या काही होत नाही. आभाळ निळंशार, हवा कोरडी, डोंगर एकही झाड नसलेले, आणि अंगात उत्साह. उंची बाधायला साधारण सहा ते बारा तास लागतात. जो दुपारी फिरायला जातो, त्याचं डोकं रात्री ठणकतं आणि तो म्हणतो, जेवण बाधलं.

चांगस्पा भागातल्या गेस्ट हाउसच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे अमा-ले म्हणतात (आई असा अर्थ, 'ले' म्हणजे आपला 'जी'), त्यांनी दारातच गटाला अडवलं. सामान तिथंच ठेवायला लावलं, मुलाला हाक मारली, आणि हिंदीत सांगितलं, "आज ऊपर-नीचे नहीं. खाना, पानी, सोना. कल भी." परभणीचा एक पोरगा म्हणाला, "मला काय नाय होत." त्यावर बाई हसल्या आणि त्यांनी त्याला तळमजल्यावरची खोली दिली. वरच्या मजल्यावरची खोली दृश्यासाठी चांगली, पण पहिले दोन दिवस प्रत्येक जिना मोजून चढावा लागतो. बुकिंग करताना तळमजला मागून घ्यावा, ज्येष्ठ असतील तर नक्कीच.

पहिल्या दिवसाचं वेळापत्रक असं बसवावं. आल्यावर कोमट पाणी, थोडा नाश्ता. मग पडावं, पण दुपारी चार-चार तास गाढ झोपू नये. झोपेत श्वास मंद होतो, ऑक्सिजन आणखी उतरतो आणि माणूस डोकेदुखी घेऊनच उठतो. तासभर पडावं, मग अंगणात बसावं, गप्पा माराव्यात. संध्याकाळी सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालावं, बोलताना धाप लागणार नाही इतक्या संथपणे. दिवसभरात तीन लिटरच्या आसपास पाणी. लघवी फिकट पिवळी राहिली म्हणजे पुरेसं झालं. पाच-सहा लिटर ढोसणं हा उपाय नाही, त्यानं रक्तातलं मीठ उतरतं आणि पुन्हा डोकंच दुखतं. आंघोळीची घाई नको, दारू अजिबात नको, झोपेची गोळी नको. विडी ओढणाऱ्याच्या रक्तातली थोडी जागा आधीच धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं अडवलेली असते, त्यामुळं त्याला लेह थोडं आणखी उंच पडतं.

रात्री डोकं दुखलं तर पॅरासिटामोल घ्यावी. मळमळ, भूक नसणं, चक्कर, थकवा, झोप न लागणं, यांतलं थोडंथोडं बहुतेकांना होतं आणि दीड-दोन दिवसांत उतरतं.

या रात्री नवराबायकोंची एकमेकांना पाहून घाबरगुंडी उडते, त्याचं कारण नीट समजून घ्यावं. शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास हळूहळू खोल होत जातो, मग उथळ होतो, आणि एकदम थांबतो. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. मग मोठा उसासा टाकून पुन्हा सुरू. ऑक्सिजन कमी म्हणून शरीर जोरात श्वास घेतं, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकला जातो. आणि झोपेत श्वास घ्यायची मेंदूला आठवण करून देतो तो कार्बन डायऑक्साइडच. तो उतरला की मेंदू क्षणभर गप्प बसतो. उंचीवर हे सर्रास होतं, धडधाकट माणसालाही. माणूस जागा केल्यावर नीट बोलत असेल तर त्याला झोपू द्यावं.

दुसरा दिवस: बाजार, बेकरी आणि येसर

सकाळी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लागला. घरी ९८ दाखवणारं यंत्र इथं ८४, ८७, ९० असं काहीबाही दाखवतं. लेहमध्ये पहिल्या दोन दिवसांत पंच्याऐंशी ते नव्वदच्या आसपासचा आकडा नेहमीचा आहे. बोट थंड असेल, नखांना मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर यंत्र चुकतं. हात चोळून, पाच मिनिटं बसून, आकडा स्थिर झाल्यावर वाचावा. आणि आकड्यांची शर्यत लावू नये. ८३ वाला चहा पीत हसत असतो आणि ८९ वाला उलटी करत असतो. आधी लक्षण, मग आकडा. पण बसल्या जागी धाप लागतेय आणि आकडा ऐंशीच्या खाली, असं असेल तर गाडी काढून सरळ दवाखाना. लेहमध्ये सोनम नोरबू मेमोरियल हे सरकारी रुग्णालय आहे आणि उंचीचे रुग्ण तिथं रोजचेच.

आत काय चाललेलं असतं? श्वास वाढल्यानं रक्त थोडं अल्कधर्मी होतं, मूत्रपिंडं तो तोल सावरायला बायकार्बोनेट बाहेर टाकतात, म्हणून लघवी वाढते. हे काम दोन-तीन दिवसांचं. नव्या तांबड्या पेशी तयार होणं आठवड्यांचं. म्हणजे आठवडाभराच्या सहलीत शरीर पूर्ण रुळत नाही, काम भागण्याइतकं रुळतं.

दहाच्या सुमारास मेन बाजार. हा भाग सपाट, गाड्यांना बंदी, बसायला बाक, म्हणून दुसऱ्या दिवसासाठी नेमका. फूटपाथच्या कडेला लडाखी बायका भाजी घेऊन बसतात: शलजम, पालक, कोबी, गाजर, आणि या दिवसांत जर्दाळू. तागडी हातात, गिऱ्हाईक नसेल तर लोकर कातणं चालू. घासाघीस फार नाही. 'जुले' म्हटलं की चेहरा खुलतो. नमस्कार, धन्यवाद, येतो, सगळ्याला हाच शब्द. जामा मशिदीमागच्या गल्लीत तंदूरवाले बसतात. सकाळी गरम रोटी काढतात, ती तिथंच लोणी लावून खावी. भूक मेलेली असते तेव्हा पोटात जातं ते असलंच साधं, पिठाचं.

जेवणाचं एक गणित आहे. लेहमध्ये पाणी ८८ डिग्रीच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर रटरटली तरी कचकच राहते, भाताचं शीत मध्ये टणक. कुकरमध्येही आत आपल्याकडं जवळपास १२० डिग्री होतात तिथं ११५ च होतात. म्हणजे चार शिट्ट्यांच्या डाळीला सहा-सात. धाब्यावर अर्धवट शिजलेली डाळ खाऊन पोट फुगलं की उंचीची मळमळ त्यात मिसळते आणि कशानं काय झालं ते कळेनासं होतं. शिवाय वर दाब कमी म्हणून पोटातला वायूही फुगतो, विमानातून आणलेल्या चिवड्याच्या पाकिटासारखा.

इथं मराठवाड्याची एक गोष्ट कामाला आली: येसर. गहू-बाजरी, डाळी आणि मसाले आधीच भाजून दळलेले असल्यामुळं येसराला शिजवण्याची गरज अशी उरत नाही. अमा-लेंच्या स्वयंपाकघरात चार चमचे येसर थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडलं, वर लसणाची फोडणी, दहा मिनिटांत आमटी. त्यांच्या खंबीरबरोबर (तिथली आंबवलेली जाड रोटी) ती अशी लागली की दोन दिवस न जेवलेल्या काकूंनीही वाटी पुढं केली. अमा-लेंनी चव घेऊन विचारलं, यात त्साम्पा आहे का? त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, त्यांचं रोजचं. भाजून दळून ठेवायचं शहाणपण दोन्हीकडं सारखंच. अर्धा किलो येसर सात-आठ जणांना आठवडाभर पुरतं. धपाटे मात्र दुसऱ्या दिवशीच कडक होतात. तिथली हवा इतकी कोरडी आहे की ओठ फुटतात आणि सकाळी शिंकरलं की नाकातून रक्ताचा ठिपका येतो. नाकात खोबरेल किंवा तुपाचं बोट फिरवावं.

गुरगुर चहा, म्हणजे लोणी आणि मीठ घातलेला, एकदा प्यावा. चहा समजून प्यायला तर तोंड वाकडं होतं. कढण समजून प्यायला तर आवडतो.

तिसरा दिवस: सिंधूच्या उताराला

बहुतेक सहली तिसऱ्या दिवशी 'खर्दुंग ला' ही उंच खिंड गाठतात ('ला' म्हणजे खिंड). त्यापेक्षा श्रीनगरच्या रस्त्यानं पश्चिमेला जावं. कारण सोपं आहे: सिंधू त्या बाजूला वाहते, म्हणजे रस्ता एकुणात उतरतो. निम्मू, आल्ची ही गावं लेहपेक्षा तीन-चारशे मीटर खाली आहेत. ज्याचं डोकं अजून जड आहे त्याला आल्चीत उतरल्यावर दोन तासांत फरक जाणवतो. खरं तर लहान मुलं किंवा साठीपुढची मंडळी असतील तर विमानतळावरून थेट निम्मू-आल्चीकडं जाऊन पहिल्या दोन रात्री तिथंच काढाव्यात. लेह शहर नंतर पाहता येतं.

लेहपासून पंचवीसेक किलोमीटरवर गुरुद्वारा पत्थर साहिब लागतो. व्यवस्था लष्कराची. हजूर साहिबच्या गावची माणसं म्हटल्यावर सेवा करणाऱ्या जवानाचा चेहराच बदलला. तो स्वतः नांदेडला येऊन गेला होता आणि गोदावरीकाठच्या घाटांबद्दल विचारत राहिला. लंगरमधली डाळ उत्तम शिजलेली होती. विचारल्यावर कळलं, सगळी मोठ्या कुकरात.

पुढं निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कारचा संगम. वरून पाहिला की दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतात. फोटो काढून लोक निघून जातात, पण थोडं थांबून आजूबाजूची शेतं पाहावीत. इथं वर्षाला पाऊस पडतो शंभर मिलिमीटरच्या आसपास. आपण सातशे मिलिमीटरवाले, तरी २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

आल्चीच्या वरच्या अंगाला जवाची कापणी चालली होती आणि एका कडेच्या शेतात पाणी सोडलं जात होतं. चर हातभर रुंद. अडवायला फळी नाही, दार नाही. एक चपटा दगड आणि मुळासकट उपटलेलं गवताचं ढेकूळ. म्हाताऱ्यानं फावड्याच्या टोकानं ढेकूळ उचललं, शेजारच्या तोंडात ठेवून टाचेनं दाबलं, आणि पाणी वळलं. आपला पाटकरी दारं धरतो तेच काम. गावाची पाणीपाळी ठरवणाऱ्या माणसाला तिथं चुरपोन म्हणतात. कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ, हे तो सांगतो आणि गाव ऐकतं. गटातले दोन शेतकरी भाषा येत नसताना त्याच्याशी पाऊण तास बोलले. पाणी सगळं वरच्या बर्फाचं, आणि वसंतात पेरणीला पाणी हवं तेव्हा उंचावरचं बर्फ वितळलेलं नसतं. त्यावर लडाखी अभियंते चेवांग नोरफेल यांनी गावाजवळ, कमी उंचीवर हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी गोठवून ठेवायची पद्धत बसवली. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप त्याच कल्पनेतले.

आल्चीचा मठ हजारेक वर्षांकडं झुकलेला, भिंतींवरची चित्रं काश्मिरी वळणाची. आत फोटोला मनाई आहे आणि उजेड कमी. छोटी विजेरी जवळ असेल तरी ती चित्रांवर रोखण्याआधी लामाला विचारावं.

चौथा दिवस: पायऱ्या

लेहचा राजवाडा नऊ मजली, सतराव्या शतकात सेंगे नामग्यालच्या काळातला. शांती स्तूपाला पाचशेच्या आसपास पायऱ्या. गाडीचा रस्ताही आहे आणि तोच घ्यावा. राजवाडा चढताना पद्धत अशी: एक पायरी, एक श्वास. वीस पायऱ्यांनंतर थांबायचं, दम लागण्याआधीच. दम लागल्यावर थांबलं की सावरायला तिप्पट वेळ जातो. या दिवशी पायऱ्या चढून झाल्यावर डोकं दुखलं नाही आणि रात्री नीट जेवण गेलं, तरच उद्याची खिंड.

ऊन फसवं असतं. हवा गार म्हणून कळत नाही, पण दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. टोपी, गॉगल आणि दर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन. मानेची मागची बाजू हमखास राहते.

पाचवा आणि सहावा दिवस: खर्दुंग ला आणि नुब्रा

फौजेत या भागात येणाऱ्या जवानाला साधारण २७०० ते ३६०० मीटरच्या टप्प्यावर सहा दिवस काढावे लागतात, त्याच्यावर साडेचार हजारांपर्यंत चार, आणि त्याहून वर आणखी चार. तरण्याताठ्या, तपासून घेतलेल्या जवानासाठी हा नियम. पर्यटकाला एवढी सवड नसते, म्हणून त्यानं निदान झोपायची जागा तरी नीट निवडावी. सगळी मेख तिथंच आहे. दिवसा वर जाऊन तासाभरात उतरलं तर शरीर बहुधा सोसतं. रात्र उंचावर काढली की बाधतं. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये.

या हिशेबानं नुब्रा खोरं सोयीचं. लेहपासून चाळीस किलोमीटरवर खर्दुंग ला, प्रत्यक्ष मोजणीत ५३५९ मीटर (पाटीवरचे फूट वाढवून लिहिलेले आहेत). तिथं हवेचा दाब जवळपास निम्मा. पण पलीकडं उतरून हुंदरला रात्र काढायची ती तीन हजार शंभरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षाही खाली. त्या रात्री सगळे ढाराढूर झोपले.

खिंडीवर पंधरा मिनिटं पुरे. ड्रायव्हर लडाखी, पन्नाशीतले. गटातली पोरं त्यांना मामा म्हणायला लागली आणि त्यांनीही ते लगेच मानून घेतलं. मामांचा नियम कडक: गाडीतून उतरताना उडी नाही, बर्फात पळणं नाही, लघवीला जाताना दोघं-दोघं, आणि हॉर्न वाजला की गाडीत. एकानं रांगेतून धावत जाऊन पाटीजवळ जागा धरली, फोटो झाला, आणि तो तिथंच गुडघ्यावर बसला. डोळ्यांपुढं काजवे. मामांनी त्याला धरून गाडीत आणलं, खिडकी उघडली, आणि बाकीच्यांना न विचारता गाडी खाली सोडली. नॉर्थ पुल्लूला पोचेपर्यंत तो बिस्किटं मागत होता. अशा वेळी वर थांबून पाणी पाजणं, वारा घालणं यात वेळ घालवू नये. उतरणं हेच औषध.

दुकानात मिळणारी ऑक्सिजनची डबडी यासाठीच विकली जातात. दहा लिटरचं डबडं मिनिटाला दोन लिटरनं सोडलं तर पाच मिनिटांत संपतं. तेवढ्यात बरं वाटतं आणि संपल्यावर माणूस पुन्हा तिथंच. ऑक्सिजन न्यायचाच असेल तर गाडीत खरा सिलिंडर, मीटर आणि मास्कसह, भाड्यानं घ्यावा, आणि तो उतरताना वापरायचा असतो, वर थांबण्यासाठी नाही.

हुंदरची वाळू आणि दोन वशिंडांचे उंट सगळे पाहतात. दिस्कितची ३२ मीटर उंच मैत्रेय मूर्ती सकाळी आठच्या आत पाहावी, वारा नसतो.

लेहला परत, मग पँगाँग

नुब्राहून श्योक नदीकाठानं थेट पँगाँग तळ्याला जायचा रस्ता आहे आणि बरेच सहलवाले तोच देतात, कारण एक दिवस वाचतो. पण हिशेब करा: झोपायची जागा तीन हजार शंभरवरून सव्वाचार हजारांच्या पुढं, एका दिवसात अकराशे मीटर. तळ्याकाठच्या तंबूंत रात्री डोकं धरून बसलेली माणसं दिसतात ती यामुळं. आणि तिथून लेहच्या दवाखान्यात यायचं तर खाली उतरण्याआधी चांग ला चढावी लागते, तीही ५३०० मीटरच्या वर. श्योककडचा रस्ता ही खिंड टाळून नुब्रात उतरतो, पण नदीला पाणी चढलं की तो बंद होतो. फोनचा भरवसा नाही.

म्हणून गट लेहला परतला, एक रात्र झोपला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून पँगाँग पाहून अंधार पडेपर्यंत माघारी आला. जाता-येता प्रत्येकी पाच तास. दमणूक होते, पण झोप लेहमध्ये. तळ्याचं पाणी दुपारी बारा ते दोन सगळ्यात निळं दिसतं, त्या वेळेला तिथं असलं म्हणजे झालं.

या उंचीवर दोन गोष्टी सगळ्यांना पाठ हव्यात. बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, मग फेसाळ गुलाबी थुंकी, निळसर ओठ: फुफ्फुसांत पाणी झालं आहे. आणि माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतोय, बोलणं असंबद्ध, नुसता झोपतोय: मेंदूला सूज आहे. याची चाचणी सोपी. जमिनीवर सरळ रेघ समजून, एका पायाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावत दहा पावलं चालायला सांगायचं. तोल गेला तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असो, पाहुणे नाराज होवोत, पैसे बुडोत. ऑक्सिजन लावून त्याला खाली न्यायचं, आणि त्याला एकट्याला सोडायचं नाही.

परतीच्या वाटेवर मामांनी तांगत्सेला थुक्पा (शेवयांचं कढण) खायला थांबवलं. चहाला दिवसभर नाही म्हणणारे काका तिथं दोन वाट्या प्यायले.

निघताना

परतीच्या विमानानंतर त्याच दिवशीची रेल्वे धरू नये. ढग खाली आले की लेहची विमानं रद्द होतात आणि मग सगळे प्रवासी दुसऱ्या दिवशीच्या जागांसाठी भांडतात.

खरेदीत जर्दाळू घ्यावेत. रक्त्से कार्पो जातीची बी पांढरी असते, फळ गोड आणि बी फोडल्यावर आतला गरही गोड. तिला भौगोलिक मानांकन आहे. बाकीच्या काही जातींचा गर कडू निघतो. कडू गर खाऊ नये, पोरांना तर मुळीच देऊ नये, त्यातून पोटात सायनाइड तयार होतं. विकणारी बाई एक फोडून चाखायला देते. चाखून, गोड लागला तरच त्या ढिगातले घ्यावेत. वाळवलेले घेताना पिवळेधमक टाळावेत, त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते. उन्हात वाळलेले तपकिरी आणि सुरकुतलेले असतात आणि पिशवीचं तोंड बांधून ठेवले तर संक्रांतीपर्यंत टिकतात. मराठवाड्यातल्या दमट दिवसांत मात्र ते फ्रिजमध्ये ठेवावेत.